हद्दीबाहेरचा दिवा

माजी नगरसेवकाने फाटकाच्या खांबावर फ्लडलाइट लावला आणि शेजारच्या निवृत्त नर्सबाईंच्या पलंगावर लख्ख उजेड पडू लागला. बाई सांगायला गेल्या, तर तो म्हणाला, "मावशी, उजेडाला का कुंपण घालता येतं?"

"येतं. झोत आपल्याच हद्दीत ठेवायचा, असा नियम आहे. तुम्हीच हात वर करून मंजूर केलाय."

त्याने तो वाचलाच नव्हता. हात वर करण्यापुरतीच त्याची अक्कल चालायची. बाईंच्या तक्रारीवरून नगरपालिकेचा माणूस आला, तेव्हा मात्र त्याची शेळी झाली. दिवा मुकाट आत वळवला, तर झोत थेट त्याच्याच खिडकीत. दुसऱ्याच दिवशी दिवा उतरला.

"वीज वाचवतोय," असं तो गल्लीभर सांगत सुटला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.