आईच्या हातची पानं

मी तापट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजी करपायच्या आधी माझं डोकं करपतं. अशा बाईच्या पदरात देवानं लकव्याचा झटका आलेली आई घालावी, आणि वरून धीर द्यायचं मात्र विसरावं, याला काय म्हणायचं?

आई आष्टीला शेतावर होती तेव्हाच उजवी बाजू गेली. दवाखाना झाला, आणि मी तिला बदनापूरला माझ्या घरी आणलं. पाय हळूहळू चालू लागला, जीभही सुटली, पण उजवा हात मांडीवर पडून राहायचा. व्यायाम घ्यायला येणाऱ्या मॅडम म्हणाल्या, नुसता चेंडू दाबून काही होणार नाही, बोटांना आवडीचं काम द्या. आता आईच्या आवडीचं काम म्हणजे खुरपण. दुसऱ्या मजल्यावर ती काय खुरपणार, फरशी?

तेवढ्यात माझ्या लेकीचं लग्न ठरलं. ती पुण्यात नोकरीला. तिनं मोबाईलवर एक फोटो पाठवला. भिंतीवर टांगायची चौकट, आणि तिच्यात फेल्टची झाडं चिकटवलेली. फेल्ट म्हणजे जाडसर, मऊ कापड, कसंही कापलं तरी उसवत नाही. "रुखवतात असं काहीतरी ठेवू," लेक म्हणाली, "आणि आजीलाही कामाला बसव." आजकाल रुखवत तयार भाड्यानं मिळतं, मांडून जातात आणि मांडव उठला की घेऊन जातात. लेकीला ते बिलकुल नको होतं.

शनिवारी ती रंगीबेरंगी फेल्टचा गठ्ठा आणि चिकटवायची ग्लू गन घेऊन आली. आईनं मोबाईल डोळ्याजवळ धरून फोटो बघितला. मोठमोठी पानं, मधोमध भोकं.

"ह्याला कीड लागली का?"

"आजी, ते पान तसंच असतं. फॅशन आहे त्याची."

"असंल. पण रुखवतात किडकं झाड कोण मांडतं?"

मंग तिनंच ठरवलं: तूर, कापूस आणि मोसंबीची एक डहाळी. पोरगी जिथून चालली तिथलीच झाडं पाहिजेत. आणि पानं सगळी ती स्वतः करणार. "तुझ्या लग्नात रुखवताचं सगळं मी केल्तं," ती मला म्हणाली, "हिच्या लग्नात काय नुसती खुर्चीवर बसून राहू? एक तरी वस्तू माझ्या हातची पाहिजे." झटका आल्यापासून तिनं काही मागितलेलं हे पहिलंच. औषधाच्या वेळासुद्धा ती मला विचारत नव्हती.

मी सकाळी जालन्याला ऑफिसला निघायच्या आधी फेल्टवर खडूनं पानं काढून द्यायची आणि पाच सुया ओवून ठेवायची. कात्री तिनं उजव्याच हातात धरायची, हा मॅडमचा हुकूम. दोन कापलेली पानं एकावर एक ठेवून कडेनं काजटाका घालायचा, मधे बारीक तार. गाठ मारणं तिला जमेना, एका हाताची गाठ कशी बसणार? मी म्हटलं, मी मारून देते. तर नको म्हणाली. तिनं आपली युक्ती काढली, एकाच जागी तीन टाके घालायचे, धागा धरून राहतो. त्या युक्तीचं तिला भारी कौतुक होतं.

संध्याकाळी मी गाडीतून उतरून घरी आले की ती पान दाखवायची. दिवसाला एक, फार तर दीड. आणि पान कसलं? एक बाजू तुरीची, दुसरी एरंडाची. टाका एक इथं तर दुसरा पार परतूरला. रविवारी ती माझ्यासमोर शिवायची, ते तर मला बघवायचं नाही. सुई धरायची, सुई पडायची. परत धरायची, परत पडायची. "दे इकडं, आई," म्हणत मी हात पुढं केला की ती पान पदराखाली घालायची. शेवटी मी उठून घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागायची. दुसरं काय करू शकत होते मी?

करायला नको ते मी केलं. लेकीच्या होणाऱ्या सासूबाईंचा मी धसका घेतला होता. शिकलेल्या, टापटिपीच्या बाई. साखरपुड्यात त्यांनी माझ्या साडीचा उसवलेला फॉल लांबून हेरला होता. त्यांच्या बायका रुखवताभोवती गोळा होणार, एकेक वस्तू हातात घेऊन बघणार, आणि ही वाकडी पानं बघून तोंडाला पदर लावणार. माझ्या आईला कोणी हसावं? मी डब्याच्या पिशवीत पानं घालून ऑफिसला नेऊ लागले. जेवणाच्या सुट्टीत टाके उसवायची, कडा बराबर कापायची, परत नीट शिवायची. बरोबरच्या बायका म्हणायच्या, काय सुरेख हात आहे तुमचा! मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी पानं गुपचूप परत बिस्किटाच्या डब्यात ठेवायची. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तिला काय दिसणार, असा माझा हिशेब.

वर तोंडानं खोटंही बोलले. "आई, आता बराबर जमून राह्यलं बघ तुला." ती लाजल्यासारखं हसायची. त्या दिवसांत ती अर्धी भाकरी जास्त खायची. आणि हात खरंच सुधारत होता, ही माझ्या मनची गोष्ट नाही. मॅडमनीच बोटं उघडून दाखवली, महिन्यापूर्वी ही एवढी उघडत नव्हती म्हणाल्या.

लग्नाला नऊ दिवस राहिले असतील. रविवारी दुपारी चौकटीवर गोणपाट ताणून आम्ही दोघी पानं चिकटवायला बसलो. ती डब्यातून एकेक पान द्यायची, मी ग्लू गननं चिकटवायची. पाच-सहा पानं झाली आणि तिचा हात थांबला. डाव्या हाताचा अंगठा ती पानाच्या मागून फिरवत होती. ते खाली ठेवलं, दुसरं घेतलं. मंग तिसरं.

"ह्याला गाठ हाय," ती म्हणाली.

मी पुढचं पान घ्यायला हात पुढं केला.

"मला गाठ मारता येत न्हाई."

मी काहीबाही बोलले. धागा निघत होता म्हणून, तेवढी एकच, तुला कशाला त्रास. तिनं मला बोलू दिलं. मंग विचारलं, "सगळीच केलीस का गं? माझं म्हणून एक तरी ठेवलंस?"

मी डबा पालथा केला. एकेक पान उलटून बघितलं, अगदी सुरुवातीचंही. माझी सगळी कामं अर्धवट असतात. शिवलेल्या ब्लाऊजला हूक लावायचं राहतं, लोणच्याला तेल घालायचं राहतं. हे एक मी पूर्ण केलं होतं.

"न्हाई, आई."

"बराबर केलंस," ती म्हणाली. "लोक बघतील ना."

ती ओरडली असती तर मीही ओरडले असते. चाळीस वर्षं आमची भांडणं अशीच मिटली. ती ओरडलीच नाही. मी पाया पडायचीच बाकी राहिले. म्हटलं, नऊ दिवस आहेत, एक पान कर, वाकडं कर, मधोमध लावू. तिनं कात्री उचलली, आणि परत खाली ठेवली. "आज न्हाई," म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचही सुया ओवलेल्या तशाच होत्या. तिसऱ्या दिवशीही. शेवटी तीनचार पानं कमी पडत होती, ती मीच केली.

लग्नाच्या हॉलमध्ये गेले तर चौकटीखाली लेकीनं आपल्या अक्षरात चिठ्ठी लावलेली: आजीच्या हातची तूर, कापूस आणि मोसंबी. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लग्नाच्या दिवशी पोरीला काय सांगणार? मी चिठ्ठी राहू दिली. सासूबाई आल्या, बराच वेळ चौकटीपुढं उभ्या राहिल्या. मंग आईच्या खुर्चीजवळ चक्क खाली बसल्या. "माझ्या आईला झटक्यानंतर वाटीसुद्धा धरता आली नाही," त्या म्हणाल्या, "तुम्ही एवढं कसं केलंत? बघू तो हात." या बाईंनी वाकडं पान काळजाशी धरलं असतं. आणि मी यांनाच घाबरले होते.

आईनं उजवा हात डाव्या हातानं उचलून पदरात घेतला. "माझा न्हाई," ती माझ्याकडं हनुवटी करून म्हणाली, "हिचा हात हाय तो."

बायका हसल्या. आजी मोठ्या मनाच्या, लेकीला मान देतात, असं कोणीतरी म्हणालं. अक्षता वाटायच्या राहिल्यात म्हणत मी तिथून सटकले.

आता ती चौकट पुण्याला लेकीच्या हॉलमध्ये आहे. व्हिडिओ कॉलवर ती हटकून दाखवते. "छान दिसून राह्यलं," आई म्हणते, आणि सासरची खुशाली विचारते. मॅडम म्हणतात, बोटं परत आखडत चालली, मनावर घेत नाहीत त्या. मी तरी कुणाला मनावर घ्यायला कसं लावू?

मागच्या रविवारी उरलेलं हिरवं फेल्ट काढलं. खडूनं पान काढलं, कात्री तिच्या उजव्या हाताशी ठेवली. म्हटलं, "आई, एक कर. कसंबी कर. तुझी शप्पत, मी हात लावणार न्हाई."

तिनं माझ्याकडं बघितलं. राग बिलकुल नव्हता. डाव्या हातानं तिनं ते फेल्ट हळूच माझ्याकडं सरकवलं.

"कशाला? तू हायेस की."