सावलीतले गृहस्थ

लंडनमधल्या एजवेअरच्या पार्कात ऊन पडलं की सगळे गवतावर आडवे व्हायचे. हे गृहस्थ मात्र डोक्यावर रुमाल टाकून झाडाच्या सावलीत उभे राहायचे. आखातातल्या तेल कंपनीत इंजिनिअर होते, लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर आलेले. "तिकडे उन्हापासून पळण्यातच जन्म गेला हो," म्हणायचे. तरी वाळवंटात सोलर प्लांट उभारायचा हट्ट त्यांचाच. तेलाच्या देशात उन्हाला कोण विचारतो, म्हणून सगळं ऑफिस हसलं होतं.

एका दुपारी माझ्यासमोरच त्यांचा फोन वाजला. "सुरू झाला प्लांट! वीज आली!" ते असे ओरडले की गवतावरचे गोरे दचकून उठून बसले.

मग रुमाल खिशात कोंबून ते भर उन्हात माझ्या बाकावर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "आता कसली सावली? सूर्य आमच्याकडे नोकरीला लागलाय!"