तेउरावहिनीनं बांधलेली दोरी

भर दुपारी, धक्क्यावर सगळ्यांच्या देखत तेउरावहिनीनं आपल्या धाकट्या भावाच्या खांद्यात लाकडी दांडा घातला, तेव्हा मी शेजारीच बोटीतलं पाणी उपसत होतो. मारुआके केवढा धिप्पाड माणूस, पण मटकन खाली बसला. कारण एवढंच होतं, की मासेमारीच्या बंदुकीची दोरी कमरेला बांधून बेटाभोवतीच्या खडकातल्या खिंडीबाहेर, खोल समुद्रात जाईन, असं तो म्हणाला होता.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आमच्या बेटावर पुरुष श्वास रोखून पाण्याखाली जातात आणि रबराच्या बंदुकीनं भाला मारून मासा आणतात. त्या बंदुका वहिनी बनवते. लाकूड तासण्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत सगळं तिच्या हातचं. हे ती वडिलांकडून शिकली. वडील दोरी कमरेलाच बांधायचे. एकदा त्यांनी खिंडीबाहेर मोठ्या वाऊला भाला मारला. वाऊ हा मासा दिसायला कुप्यासारखा, म्हणजे ट्यूनासारखा, पण तोंडात कुत्र्याचे दात. भाला लागला की तो वर येत नाही, सरळ तळातल्या खडकांकडे सुटतो. लग्नाच्या वयाची तेउरा तेव्हा बोटीत होती. बाप उभाच्या उभा खाली ओढला जाताना तिनं पाहिला. मग नुसता त्यांचा पाण्यात घालायचा चष्मा वर आला.

त्यानंतर तिचा स्वभाव असा झाला. कुणी बारीक दोरी लावलेली बंदूक दाखवायला आणली, की ती सुरीनं दोरीचे तुकडे करते आणि त्याच्या हातावर ठेवते. पाद्रीबाबांच्या पुतण्यालाही तिनं सोडलं नव्हतं.

मारुआके गावातला सगळ्यात खोल जाणारा माणूस, आणि सगळ्यात बढाईखोरही. वाऊ मात्र त्याला कधी मिळाला नव्हता. एकानं त्याच्या भाल्याच्या सळईचा विळा करून परत दिला होता, दुसऱ्यानं खडकावर दोरी घासून तोडली होती. आता मुलीचं लग्न होतं, वऱ्हाड शेजारच्या बेटावरून येणार होतं, आणि ह्यानं व्याह्यांना निरोप धाडला होता की जेवणात वाऊ असेल. म्हणून तो बहिणीकडे आला होता.

खांदा चोळत का होईना, तो तिच्यामागून घरी गेला. विलायती फणसाच्या सावलीत तिनं सगळं सामान मांडलं. वाऊ जवळ येऊ देत नाही, म्हणून आखूड बंदूक तिनं बाजूला सारली आणि लांब, जड लाकडाची घेतली. चौथं रबर लाव म्हणून तो अडून बसला. तिनं तीनच लावली. चार लावली तर बंदूक हातात उडते आणि नेम जातो, म्हणाली. सळईला असं टोक बसवलं, की ते माशात शिरल्यावर सुटून आडवं होईल. दातांनी दोरी तुटू नये म्हणून टोकामागे पोलादी तार लावली. तारेमागे जाड दोरी, दोरीमागे ताणली जाणारी लांब रबरी नळी, म्हणजे पहिला हिसका ती सोसेल. आणि शेवटी दोन बोये, टणक प्लास्टिकचे तरंगते गोळे, मोठ्या जहाजांच्या जाळ्यांतून सुटून आमच्या खडकावर लागतात ते. बंदुकीला दोरीचं टोकसुद्धा नाही.

"मासा बोयाला ओढेल, तुला नाही," ती म्हणाली. "तू मारायचं आणि बाजूला व्हायचं."

"मग मासा कुणी मारला म्हणायचा? मी की बोयानं?"

"बोयानं म्हण. तो बढाया मारत नाही."

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही तिघं खिंडीबाहेर गेलो. मारुआकेनं सामान पोत्यात गुंडाळून आणलं होतं. पाण्यात उतरताना त्यानं पोतं उलटं केलं, तर बोयांच्या जागी पेट्रोलचा एक रिकामा कॅन बांधलेला. बोये प्रवाहात ओढ देतात, पोहणारा दमतो, असं त्याचं म्हणणं.

"मारु, खोलात कॅन चेपतो," वहिनी म्हणाली. आवाज चढवला नव्हता, त्यामुळे मलाच भीती वाटली.

"ताई, तू घरी नारळाच्या भाकऱ्या भाज," असं म्हणून तो चष्म्यात थुंकला, काच चोळली आणि बुडी मारली.

मी बोटीच्या कडेवरून तोंड पाण्यात घालून बघत होतो. पाणी तळापर्यंत स्वच्छ होतं. निळ्यातून एक वाऊ आला, माणसाएवढा, संथ. मारुआकेनं त्याला कल्ल्याच्या मागे भाला मारला. नेम सुंदर होता. माशानं एक झटका दिला आणि डोकं खाली करून सुटला. दोरी ताणली, नळी ताणली, आणि मारुआके वर येता येता कॅन त्याच्या बाजूनं खाली निघाला. कागदाचा बोळा करावा तसा तो चेपत गेला. वर ओढायला त्यात काही उरलंच नाही. मारुआकेनं दोरी धरली. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं, पण त्यानं डाव्या हाताला वेढा घेतला. माशानं पुन्हा ओढ दिली आणि वेढा आवळला.

वहिनी केव्हा उडी मारून गेली ते मला कळलंच नाही. दिसली तेव्हा ती त्याच्यापाशी होती, सुरी हातात. आणि त्यानं, बुडणाऱ्या माणसानं, मोकळ्या हातानं तिचं मनगट धरलं. दोरी कापू देईना. तिनं सुरीची मूठ त्याच्या तोंडावर हाणली. एकदा, दोनदा. त्याचा चष्मा निघाला, नाकातून रक्ताचा हिरवट धूर सुटला. खोल पाण्यात रक्त हिरवं दिसतं. मग तिनं हाताखालून दोरी कापली.

मासा सुटला, पण घायाळ होता. तळावरच्या मुश्या, म्हणजे शार्क, त्याच्यावर तुटून पडल्या. क्षणात नुसता गढूळ गोळा फिरताना दिसू लागला. त्यातल्या दोन मुश्या वर वळल्या, मारुआकेच्या हाताच्या रक्तावर. वहिनी एका हातानं त्याला ओढत होती आणि पायांनी त्यांना लाथाडत होती. मी त्याला केसांना धरून आत घेतलं. ती चढली तेव्हा तिच्या पायातला पोहायचा एक रबरी पंख अर्धाच उरला होता.

मारुआके रक्त ओकला, श्वास घेतला, आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे बहिणीच्या तोंडावर ठोसा मारला. "माझा मासा कापलास तू." तिनं तुटलेला दात थुंकला आणि मासे ठेचायचा सोटा उचलला. मी मध्ये पडलो. सोटा माझ्या कोपरावर बसला.

दोरी हाडापर्यंत रुतली होती. त्याची दोन बोटं दवाखान्यात काढावी लागली, खोल पाण्याच्या दाबानं एका कानाचं ऐकू येणंही गेलं. पण परत आल्यावर तो गावभर सांगत सुटला, की बहिणीला जळफळाट झाला, म्हणून तिनं मासा सोडला. लग्नाच्या आदल्या सकाळी वहिनी मला म्हणाली, "भावजी, बोट काढा."

तिनं स्वतःचीच बंदूक घेतली. दोन्ही बोये लावले आणि गाठी दातांनी ओढून बघितल्या. आलेला वाऊ पहिल्याहून लहान होता, पण लहान म्हणावा असा नव्हता. तिनं मारला आणि हात मोकळे ठेवून बाजूला झाली. बोये फटकन खाली गेले. थोड्या वेळानं वर उसळले. परत गेले, परत आले. मासा खडकापर्यंत पोचलाच नाही. दर वेळी ते त्याला थोडं थोडं दमवत होते.

मासा अर्ध्या पाण्यापर्यंत वर आल्यावर मुश्या जमल्या. एकीनं त्याची शेपटीकडची बाजू फाडली. वहिनीनं बंदुकीचं तोंड तिच्या नाकाडावर हाणलं, मग माशाच्या कल्ल्यात हात घातला आणि सुरी डोक्यात उतरवून फिरवली. माशानं मरता मरता तिचा हात मनगटापासून कोपरापर्यंत फाडला. दोघांना बोटीत घेताना कुणाचं रक्त कुठलं, सांगता येत नव्हतं. हाताला फडकं बांधून घेतलं आणि ती फळीवर बसून रडली, बापाचं नाव घेऊन. मी इंजिनाकडे तोंड करून बसलो.

मासा तिनं मारुआकेच्या दारात टाकला आणि म्हणाली, "तुझ्या नावानं वाढ."

लग्नात केळीच्या पानांवर मासा मांडला होता, फाटक्या शेपटीसकट. व्याह्यांनी मारुआकेच्या नेमाचं कौतुक सुरू केलं. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग पट्ट्या गुंडाळलेल्या हाताचं बोचकं सांभाळत उठला. हा मासा माझ्या बहिणीनं मारला, म्हणाला, आणि त्या दिवशी खालून मलाही तिनंच काढलं, मी गावाला खोटं सांगितलं. आवाज फार मोठा होता. बहिरा झाल्यापासून त्याला त्याचा अंदाज राहत नाही. वहिनी पलीकडे नारळ किसत होती, तिनं मान वर केली नाही.

"उभा काय राहिलास," ती म्हणाली, "वाढ लोकांना."

मारुआके आता खोल जात नाही. वहिनीकडे लाकडं घासायला येतो. तीन बोटांनी गाठ मारताना चुकला, की ती अजून शिव्या घालते. तो दुसरा, ऐकू येणारा कान पुढे करतो आणि काय म्हणालीस, असं परत विचारतो.