पोहे थंड झाले तो रविवार

मला बघायला पाहुणे आले, त्या रविवारी माझा लॅपटॉप बैठकीतच चालू होता. कोपरगावच्या आमच्या घरात इन्व्हर्टरवर चालणारा प्लग तेवढा तिथंच. उष्णता सोसणाऱ्या एका पदार्थाची संगणकावरची चाचणी सुरू होती, ती मधेच बंद पडली असती तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. आई म्हणाली, "निदान झाकून तरी ठेव." मी वर रुमाल टाकला. पंख्यानं तो उडाला.

मुलाची आई हिवरे बाजारजवळच्या गावची, घरी शेती आणि म्हशी. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले, तर त्या स्क्रीनकडेच बघत होत्या.

"हे काय थरथरतंय गं?"

"अणू आहेत, काकू. सिलिकॉनची राळ आहे, डिंकासारखी चिकट, आणि तिच्यात सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळलेत. केसाहून कितीतरी बारीक. गरम केल्यावर हे मिश्रण टिकतं का ते बघतेय."

"गरम? ह्यात?" त्यांनी लॅपटॉपला हात लावून पाहिला.

"खरी भट्टी नाही. कुठला अणू कसा हलेल याचा नुसता हिशेब. म्हणजे प्रयोगशाळेत सामान वाया जात नाही."

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. स्वयंपाक येतो का, हे कुणी विचारलंच नाही. बाबा दोनदा खाकरले. मुलगा गालात हसत होता. निघताना काकू म्हणाल्या, "काय हुतंय ते कळव मला."

त्या गेल्या आणि आईनं कपाळावर हात मारला.

दोन-तीन दिवसांनी फोन आला. बाबांनी घाईनं उचलला. काकू म्हणाल्या, "पोरीला द्या."

मी फोन घेतला.

"टिकलं का गं?"

"नाही काकू. तापमान वाढवलं आणि राळ कणांपासून सुटली."

"अगं बाई! मग आता?"

"कणांना राळेशी जोडून ठेवतील असे रेणू लावते, आणि परत चालवते."

"चालव. लई मन लावून बसू नको, जेवत जा." आणि फोन बंद.

"पसंतीचं काय म्हणाल्या?" बाबांनी विचारलं. त्याबद्दल त्या काहीच बोलल्या नव्हत्या. शेवटी बाबांनीच फोन लावला. मुलानं उचलला. "आई म्हणते, पसंत तर त्याच दिवशी केली. पण मुलीला आम्ही पसंत आहोत का, ते विचारायचं राहिलंय." बाबांनी फोन माझ्यापुढे धरला. मी हो म्हणाले.

लग्नाआधी काही आठवडे ती चाचणी जमली. राळ कणांना धरून राहिली. माझ्या संशोधनाच्या मार्गदर्शकांना सांगायचं सोडून मी आधी काकूंनाच फोन लावला.

"थांब, धार काढतीय," त्या म्हणाल्या. फोन तसाच चालू राहिला. बादलीत पडणाऱ्या दुधाचा आवाज ऐकत मी थांबले. मग त्यांनी म्हशीला थोपटलं आणि म्हणाल्या, "हं, सांग आता. पहिल्यापासनं सांग."