मावशी आधी कोडी सोडवायची

माझी मावशी शाळेत ग्रंथपाल आहे. पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी रहस्यकथा निवडणं हा तिच्या कामाचा लहानसा भाग, पण जीव सगळा त्यातच. त्यातही कोड्यांच्या रहस्यकथा: सांकेतिक चिठ्ठ्या, नकाशे, चौकोनांतले आकडे. वाचणाऱ्यानं डोकं लढवून गोष्टीतल्या पोरांच्या आधी चोर पकडायचा.

मागचं पान वाचून पुस्तक घेणं तिला जमत नाही. शेवटच्या प्रकरणाला ती चिमटा लावते, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसते आणि कोडी पानावरच पेन्सिलीनं सोडवते. मग सगळं खोडते. उत्तर सरळ विचारानं निघालं तरच ती प्रत शाळेच्या कपाटात जाते. नाहीतर, "लेखकानं फसवलंय मेल्यानं," म्हणून पुस्तक बाद.

यंदा मात्र तिला एका जागी बसवेना. मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून सांगितलं होतं, "तुमची ती पुस्तकं मुलं मधल्या सुट्टीत संपवतात. अगदीच पोरखेळ आहे. शनिवारपर्यंत मोठ्या मुलांची, अवघड यादी द्या. नाहीतर कपाट मी प्रयोगशाळेला देते."

अवघड पुस्तकं आणावीत, तर पाचवीतली मुलं पळणार. त्यांतल्या कितीतरी जणांनी आयुष्यातलं पहिलं अख्खं पुस्तक याच कपाटातून वाचलं होतं. न आणावीत, तर कपाटच जाणार. मावशी ओट्यापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होती.

"अगं, बस की जरा. फरशी झिजेल," काका म्हणाले.

"झिजू दे. त्या दीपगृहाच्या कोड्यानं मला अडीच दिवस रडवलं. आणि पोरांना वीस मिनिटं?"

"पोरं हुशार आहेत. तू म्हातारी झालीस."

"तुम्ही बोलूच नका. तुमचं पेपरातलं शब्दकोडं आठवडाभर अर्धं पडलेलं असतं."

शुक्रवारी मी सुट्टीवर होते, म्हणून पुस्तकांच्या दोन पिशव्या उचलून तिच्याबरोबर शाळेत गेले. वाचनालयात खिडकीपाशी सहावीतली एक मुलगी बसली होती. सतत इकडून तिकडे फिरते म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. हातात दीपगृहाचंच पुस्तक, तेही डोळ्यांसमोर आडवं, तिरकं धरलेलं.

"अशी काय वाचतेस गं? मान मोडेल," मावशी म्हणाली.

"उजेडात दिसतं ना, बाई."

"काय दिसतं?"

"उत्तर," भिंगरी म्हणाली. यात विचारण्यासारखं काय आहे, असा चेहरा.

तिनं पान पुढे केलं. कोऱ्या दिसणाऱ्या कागदावर पेन्सिलीचे वळ उमटले होते. अक्षर खोडलेलं, पण दाब तसाच. "तुमच्या नऊचं शेपूट लांब असतं, बाई, लगेच कळतं. सगळे असंच करतात. तुम्ही मुद्दामच ठेवलंय ना? शेवटचं कोडं म्हणून?"

मावशी मटकन स्टुलावर बसली. मी कारखान्यात सुटे भाग तपासते. तपासताना भागावरच ओरखडा पडला तर तो बाद, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगतात. मावशीला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिनं कपाटातली एकतीसच्या एकतीस पुस्तकं काढून उजेडात तिरकी धरली. प्रत्येकात तिच्या पेन्सिलीचे वळ होते.

मग ती उठली आणि तडक मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेली. मी मागोमाग.

"पुस्तकं सोपी नाहीत, मॅडम. मीच उत्तरं फोडून ठेवली होती." तिनं पान दाखवलं. "एक नवं पुस्तक देते, मी हात न लावलेलं. दर्जा हाच. शाळेतल्या सगळ्यांत झटपट मुलीनं ते सोमवारी मधल्या सुट्टीपर्यंत सोडवलं, तर कपाट घेऊन जा."

"तुम्ही न तपासता देणार? तुम्ही?"

"देते," मावशी म्हणाली.

"ठीक आहे. सोमवारपर्यंत थांबते," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

पिशवीतलं एक कोरं पुस्तक भिंगरीकडे गेलं. तिनं पहिलं पान उजेडात धरून पाहिलं. "बाई, यात तुमचं काहीच नाही?"

"नाही."

"मग सोडवायचं कसं?"

शनिवार-रविवार मावशीनं भांड्यांचं कपाट तीनदा लावलं. दोनदा तिनं मलाच विचारलं, "त्यात लेखकानं फसवलं असेल तर गं?"

सोमवारी मधल्या सुट्टीची घंटा झाली. भिंगरी आली ती वहीचे सहा कागद घेऊन. खाडाखोड, बाण, नकाशे.

"तिसऱ्यात अडकलेय, बाई. चिठ्ठी डाव्या हातानं लिहिलीय, एवढं कळलं. अजून दोन दिवस देता?"

"चार घे!" मावशी जवळजवळ ओरडलीच. कागद उचलून ती मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीकडे निघाली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"काय गं, ते सुटण्यासारखं आहे ना?"

"मला काय माहीत? बाई तुम्ही आहात," भिंगरी म्हणाली आणि कागदांसाठी हात पुढे केला. "आणि ते परत द्या लवकर, मला लागणारेत."