नैवेद्याची कढी

लग्न होऊन दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीत राहायला आले तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती. सासूबाईंनी चार माणसांत म्हणावं, सून कामाची आहे. मी मुनिरक्याजवळच्या सरकारी क्वार्टरात वाढलेली. आमच्या घरी सगळी भांडी स्टीलची, फार तर एखादी अॅल्युमिनियमची कढई. सासूबाईंकडे मात्र पितळेचं एक मोठं पातेलं होतं. त्यांच्या आईने लग्नात दिलेलं, साताऱ्याहून दिल्लीपर्यंत गाडीत पायाशी ठेवून आणलेलं. वर्षभर ते माळ्यावर असे आणि दीड दिवसाच्या गणपतीसाठी खाली उतरे.

त्या वर्षी ते घासायचं काम माझ्याकडे आलं. चिंच-मीठ लावून बाहेरून असं लखलखीत केलं की माझं मलाच कौतुक वाटलं. मग आत डोकावले. आत सगळीकडे करडा, मळकट थर, मध्येच कुठे पिवळे ठिपके. म्हटलं, एवढ्या वर्षांत हे कुणी आतून घासलेलंच नाही की काय! मनातल्या मनात सासूबाईंना नावंही ठेवली, खोटं कशाला सांगू? तारेची घासणी घेऊन बाल्कनीत बसले आणि दोन तास हात दुखेपर्यंत तो थर खरवडून काढला. पातेलं आतबाहेर एकसारखं पिवळं झालं. ते फळीवर पालथं घालून ठेवलं. सारण ढवळता ढवळता सासूबाईंनी मान वळवून पाहिलं आणि म्हणाल्या, "वा! हात चांगला आहे गं तुझा." तो दिवस मी हवेत होते.

गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना करोल बागेत बहिणीकडच्या आरतीला जायचं होतं. माझा नवरा त्यांना घेऊन गेला. दीड वाजता सासऱ्यांच्या ऑफिसातली तीन कुटुंबं जेवायला येणार होती. बाकी स्वयंपाक सासूबाईंनी पहाटेच उरकला होता. जाताना म्हणाल्या, "कढी तेवढी तू कर. पितळेच्या पातेल्यातच कर, मोठं आहे. आणि चाखू नकोस हं, नैवेद्याची आहे."

मी कशाला चाखतेय? ताक चांगलं आंबट होतं. फोडणी चरचरली, घरभर वास सुटला. कढी त्याच पातेल्यात दोन तास मुरत राहिली. बारा वाजता सासऱ्यांनी नैवेद्य दाखवला. पाणी फिरवून, हात जोडून उठले तशी मी वाटी भरून त्यांच्या पुढ्यात उभी.

"बाबा, सांगा ना, कशी झालीय?"

त्यांनी एक घोट घेतला. क्षणभर थांबले, डोळे मिटले. मला वाटलं, चव घेतायत.

"बिल्कुल फर्स्ट क्लास," ते म्हणाले आणि वाटी संपवली. मी ताबडतोब दुसरी भरली. तीही त्यांनी संपवली आणि पेपर घेऊन आत जाऊन पडले.

एक वाजता सासूबाई परतल्या. पदर खोचून चमचाभर कढी जिभेवर ठेवली आणि तशीच सिंकमध्ये थुंकली.

"कळकलीय."

"म्हणजे?" मला शब्दच ठाऊक नव्हता.

त्यांनी कढी बादलीत ओतली आणि पातेलं उजेडात धरलं. "अगं, कल्हई कुठे गेली?"

"कसली कल्हई?"

त्या स्टुलावर बसल्याच. तो करडा थर मळ नव्हता, तीच कल्हई, कथलाचा मुलामा होता. आंबट पदार्थ उघड्या पितळेला लागला की त्यातलं तांबं अन्नात उतरतं, पदार्थ कळकतो, म्हणजे कडू-तुरट लागतो, आणि माणसाला उलट्या होतात. ताक, चिंच, टोमॅटो यातलं काही कल्हई नसलेल्या पितळेत करायचंच नाही. एवढं सांगून झालं आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. "कुणी खाल्ली नाही ना?"

तेवढ्यात न्हाणीघरातून सासऱ्यांच्या ओकण्याचा आवाज आला.

नवरा खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना घेऊन आला. "पीतल में खट्टा? चलो, अच्छा है उल्टी हो गई," म्हणत त्यांनी नाडी पाहिली, साखर-मिठाचं पाणी घोटघोट द्यायला सांगितलं. फिकुटलेले सासरे मान हलवत होते. मी दाराआड उभी राहून देवाला म्हणत होते, मला काहीही कर, पण यांना काही होऊ देऊ नकोस.

पाहुणे आले. कुणीतरी कढीबद्दल विचारलंच. सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, "यंदा माझ्याच हातून फाटली हो. आणि ह्यांचं पोट बिघडलंय, पडलेत आत." माझ्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. पुढच्या आठवड्यात कल्हईवाल्याला खाली बसवून मला शेजारी उभं केलं आणि तापल्या पातेल्यात कथील चांदीसारखं कसं पसरतं ते दाखवलं. तोवर या विषयावर एक शब्द काढला नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी सगळे विसर्जनाला गेले. मी सासऱ्यांपाशी थांबले. त्यांना आता बरं वाटत होतं, पेजेची वाटी हातात होती.

"बाबा, तुम्हाला चव लागली नव्हती का?"

"लागली की. पहिल्याच घोटाला."

"मग दुसरी वाटी कशाला प्यायलात?"

"तू भरलीस ना, बेटा."

मी तिथेच हमसून हमसून रडले. ते बिचारे पेज बाजूला ठेवून माझीच समजूत घालत बसले. मला शाबासकीची एवढी हाव होती, आणि हा भला माणूस ती देण्यासाठी काहीही पोटात घालायला तयार होता.

पुढे ते वीस वर्षं माझ्या हातचं जेवले. पण एवढ्या वर्षांत मी त्यांना पुन्हा कधी विचारलं नाही, कसं झालंय म्हणून. नैवेद्य दाखवून झाला की पहिला घास मी स्वतः खायची, आणि मगच त्यांचं ताट वाढायची.