झाकण नसलेलं होल्स्टर

ती घटना आठवायला मला डायरी चाळावी लागत नाही. तीस वर्षं झाली. निवृत्त होईपर्यंत मी ती कुणाला सांगितली नाही, घरातही नाही. आता सांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जळगाव जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. सरकारी होल्स्टर कॅनव्हासचं, वर झाकण, झाकणाला बटण, आणि रिव्हॉल्व्हरच्या मुठीला बांधायची दोरी. मला ते पोस्टमनच्या पिशवीसारखं वाटायचं. धुळ्याला टांग्याच्या घोड्यांचं सामान शिवणारे एक म्हातारे कारागीर होते. त्यांच्याकडून मी चामड्याचं, उघडं, मांडीवर उतरणारं होल्स्टर शिवून घेतलं. ते म्हणाले, "साहेब, निदान वरून एक पट्टी ठेवू द्या." मी नको म्हणालो. दोरीही काढून टाकली.

हिवाळ्यात एका गावच्या जत्रेत कुस्त्यांचा बंदोबस्त होता. माझ्या खुर्चीशेजारी सुट्टीवर आलेला एक फौजी बसला होता. रणगाड्यावरचा नाईक, त्याची पलटण सीमेवर. त्याने माझ्या कमरेकडे पाहिलं आणि सरळ अहिराणीत विचारलं, "साहेब, यानं झाकण कोठे शे?"

"लागत नाही. हत्यार पटकन निघतं."

"निघतंच ना. तुम्ही काढा, नाहीतर नका काढू." आजूबाजूचे हसले. तो मात्र गंभीर होता. "आम्ही रणगाड्याच्या तोंडातून दिवसात पन्नास वेळा वरखाली करतो. आधी हत्यार अंगावर राहिलं पाहिजे, हातात यायचं नंतर. चामडं भिजलं की फुगतं. कॅनव्हासच बरा, झाकणाचा, उंच बांधलेला. आणि दोरी सोडायची नाही."

चार लोकांत एका नाइकाने मला शिकवावं, हे मला झोंबलं.

रात्री ठाण्यात पट्टा सोडला तेव्हा होल्स्टर रिकामं होतं.

फौजदाराचं हत्यार हरवणं म्हणजे निलंबन. हवालदार नाना गाडी घेऊन गावापर्यंतचा रस्ता बघून आले. काही मिळालं नाही. शेवटच्या कुस्तीला गर्दी अंगावर आली होती, तेव्हाच कुणीतरी उपसलं असणार, असं मी ठरवून टाकलं. गावच्या पोलीस पाटलाने खबर दिली, "तो फौजी सारखा तुमच्या कमरेकडे बघत होता, साहेब." मला तेवढं पुरलं. सकाळी गाव उठून बसलेलं असताना आम्ही त्याला पारावरून उचललं.

दोन दिवस त्याला नोंद न करता ठाण्यात बसवून ठेवला. तिसऱ्या दिवशी चाळीसगावहून त्याची गाडी होती, रजा संपत होती. त्याची आई व्हरांड्यात बसून होती. येणाऱ्याजाणाऱ्या शिपायाला एकच सांगायची, "मना पोऱ्या चोर नही शे, भाऊ." मी त्याला उलटसुलट विचारलं. एकदा थोबाडीतही मारली. त्याने हात उचलला नाही. सावधान उभा राहिला आणि म्हणाला, "मला वेळेत हजर व्हायचंय, साहेब. गैरहजर लागलो तर मिळायची हवालदारीची फीत गेली."

तिसऱ्या सकाळी त्यानेच विचारलं, "तुमचं होल्स्टर आणि एक रिकामं हत्यार द्या. काय झालं ते बघू तरी."

मी नाही म्हणणार होतो. पण नाना दुसरं रिव्हॉल्व्हर घेऊन आले, गोळ्या नसल्याची खात्री केली आणि पट्टा स्वतःच बांधला. फौजीने त्यांना चालायला लावलं. हत्यार जागेवर. आवारात पळवलं, मोटरसायकलवर चक्कर मारायला लावली. तरी जागेवर.

"आता काय कुस्ती खेळू?" नाना धापा टाकत म्हणाले.

"नाही नाना, दमलात. बसा. खाली मांडी घालून बसा."

नाना सतरंजीवर बसले. मांडीने होल्स्टरचं खालचं टोक वर ढकललं, मूठ जमिनीकडे झुकली आणि रिव्हॉल्व्हर घसरून सतरंजीवर पडलं. आवाजसुद्धा झाला नाही.

फौजी माझ्याकडे वळला. "मैदानात तुम्ही खुर्चीवर होतात, साहेब. मांडी घालून कोठे बसलात?"

हा प्रश्न मी दोन दिवस स्वतःला विचारू दिला नव्हता. शेवटची कुस्ती सुटल्याबरोबर मी बंदोबस्त सोडला होता. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याच्या मळ्यात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, आम्ही गोणपाटावर मांडी घालून केळीच्या पानावर जेवलो. ठाण्याच्या डायरीत मात्र मी अंधार पडेपर्यंत बंदोबस्तावर हजर होतो. म्हणून मळ्याचा रस्ता मी नानांनाही सांगितला नव्हता.

मी एकटाच गेलो. मळ्याच्या रखवालदाराने एक पालथं घमेलं उचललं. खाली माझं रिव्हॉल्व्हर. "हात लावला नही, साहेब. आणून दिलं असतं तर तुम्ही मलाच बसाडलं असतं."

फौजीला सोडलं, पण गाडी गेली होती. महिनाभराने त्याच्या पलटणीचं पत्र आलं: या जवानाला पोलिसांनी का थांबवलं होतं? खरं लिहायचं तर भरीत पार्टीही लिहावी लागली असती. मी एका ओळीत उत्तर दिलं: 'सदर इसमास शस्त्र गहाळ प्रकरणी चौकशीकामी थांबविण्यात आले होते.' शब्द एकही खोटा नाही. पण त्याच प्रकरणाच्या कागदांत मी आधीच लिहून ठेवलं होतं की शस्त्र मैदानालगतच्या शेतात बेवारस मिळून आलं. तो निर्दोष आहे, हे कुठेच लिहिलं नाही. पुढे मी दोनदा बढती घेतली. तो नाईक म्हणूनच निवृत्त होऊन घरी आला, हे मला नानांकडून कळलं.

नोकरीत मी अट्टल चोरांकडून खरं काढलं. त्यांना लपवायला फार नसतं. ज्याची एक छोटी लबाडी कागदावर चढलेली असते, तो दुसऱ्याचा बळी सहज देतो. हे मी आरोपींकडून शिकलो नाही.

निवृत्तीनंतर सगळं हाताने लिहून, खाली सही करून मी त्याच्या गावी गेलो. तो पारावरच बसला होता. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. त्याने कागद घेतला नाही.

"मला माहीत शे काय झालं ते. मी काय करू वाचून? उचललं तेव्हा बठ्ठा गाव इथे होता. त्यांना वाचून दाखवा."

लोक जमले. काही तेव्हाचे होते, बरेचसे नंतरचे. मी वाचायला लागलो. मळ्यातल्या पार्टीच्या वाक्याशी माझा आवाज खाली गेला.

"थांबा साहेब," तो शांतपणे म्हणाला. "ते परत वाचा. मागच्या लोकेसले ऐकू नही उनं."

मी परत वाचलं.